रंगांचे जोडशब्द आणि वाक्प्रचार: काळं म्हणजे वाईट आणि पांढरं म्हणजे चांगलं, असं मराठीत खरंच आहे का?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता):

रंगांवरचे वाक्प्रचार म्हटलं की सगळ्यांचं एकच उत्तर तयार असतं, काळा म्हणजे वाईट आणि पांढरा म्हणजे चांगला. काळाबाजार, काळा पैसा, काळी यादी, काळे झेंडे, उदाहरणं इतकी पटापट सुचतात की कुणाला शंकाच येत नाही. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

आता बघा, मराठी शेतकरी जमिनीला 'काळी आई' म्हणतो. एखादी गोष्ट पक्की, न पुसणारी असेल तर ती 'काळ्या दगडावरची रेघ'. मंगळसूत्रात काळे मणी, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काळी तीट, आणि संक्रांतीला नव्या सुनेला हौसेने घेतात ती चंद्रकळा काळीच. डोळे आणि केस काळेभोर असले की ते कौतुकच. उलट पांढऱ्याकडे बघा. 'पांढऱ्या पायाची', 'पांढरं कपाळ', घाबरून 'पांढराफटक पडणं', पोसायला जड जाणारा 'पांढरा हत्ती'. यातलं एकतरी चांगलं आहे का?

माझं म्हणणं असं की काळाबाजार, काळा पैसा, काळी यादी हे शब्द वर्तमानपत्रं आणि सरकारी कारभारातून आले, म्हणजे इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून केलेले. घरात आणि शेतात जे शब्द आधीपासून होते त्यांच्यात रंगाला असा एकच स्वभाव चिकटवलेला नाही. तिथे रंग कुठल्या वस्तूला लागलाय त्यावर सगळं ठरतं.

आणि मला सगळ्यात आवडणारी जोडी म्हणजे 'पांढऱ्यावर काळं करणं' आणि 'काळ्याचे पांढरे होणं'. पहिल्याचा अर्थ लिहिणं, कागद पांढरा आणि शाई काळी. लिहायला न येणाऱ्या माणसाबद्दल 'त्याला पांढऱ्यावर काळं करता येत नाही' म्हणायचे. दुसऱ्याचा अर्थ वय होणं, केस पिकणं. तेच दोन रंग, नुसता क्रम उलटला, आणि एकात अक्षरओळख तर दुसऱ्यात अख्खं आयुष्य. यात चांगलं-वाईट कुठेच नाही.

तुमच्याकडचे शब्द लिहा. नुसती यादी नको, कुठे वापरतात, कोणाबद्दल वापरतात तेही लिहा, खरी गंमत त्यातच आहे.

---

उंबरा:

छान विषय. काळी-पांढरीची सगळ्यात महत्त्वाची जोडी मात्र राहिली. जुन्या गावगाड्यात गावाच्या जमिनीचे दोनच भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे घरं असलेली, ज्याला आता आपण गावठाण म्हणतो ती. पांढरीत राहायचं आणि काळीत राबायचं. वतनदारांच्या जुन्या कागदांमध्ये हे शब्द सगळीकडे भेटतात.

पांढरी का म्हणायचे तर माणसं शेकडो वर्षं एकाच जागी राहिली की चुलीची राख, पडलेल्या मातीच्या भिंती, शेण, गवत असं सगळं थरावर थर साचत जातं आणि तिथली माती फिकट, राखाडी-पांढरी होते. पुरातत्त्वाचे लोक जुनी वस्ती शोधताना आधी असं 'पांढरीचं टेकाड' कुठे आहे तेच विचारतात. शेताच्या मधोमध थोडी उंच, फिकट मातीची जागा दिसली आणि वर खापरं विखुरलेली असली की तिथे कधीकाळी गाव होतं समजायचं.

आमच्याकडे मराठवाड्यात माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरावर हीच माती टाकतात, तिच्यातून पाणी लवकर झिरपत नाही. पावसाळ्याआधी माळवदावर नवी पांढरी माती पसरून चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या, हे घरातल्या सगळ्यांचं काम असायचं. म्हणजे 'पांढरी' हा शब्द कुणी विशेषण म्हणून वापरतच नव्हतं, ती एक वस्तू होती, हातात घेता येणारी.

---

रानजाई:

'पांढऱ्या पायाची' बद्दल मला लिहायचंच होतं, बरं झालं विषय निघाला.

हा शब्द पुरुषाला लावलेला तुम्ही किती वेळा ऐकलाय? 'पांढऱ्या पायाचा' असं व्याकरणात होतं, बोलण्यातही क्वचित येतं, पण घरात नवीन सून आली आणि वर्षभरात कुणी गेलं, धंद्यात खोट आली, म्हैस आटली, की तो शब्द बरोबर तिच्यावर जाऊन बसतो. जिचा त्या घटनेशी काडीचा संबंध नाही तिला जन्मभर पुरेल असा शिक्का, आणि तोही दोन साध्या शब्दांचा. 'पांढरं कपाळ' पण तसंच, कुंकू नाही म्हणून कपाळ पांढरं, आणि मग त्या कपाळाची बाई समोरून आली तर अपशकुन. माझ्या मावशीला हे बोलणं प्रत्यक्ष ऐकावं लागलं आहे आणि बोलणारी माणसं परकी नव्हती.

वाक्प्रचारांच्या यादीत हे शब्द यावेत, नक्की यावेत, कारण ते होते हे पुढच्यांना कळायला हवं. पण शाळेच्या पुस्तकात 'वाक्यात उपयोग करा' म्हणून मुलांना हे देऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. काही शब्द फक्त समजून घ्यायचे असतात, वापरायचे नसतात.

---

पाटीपेन्सिल:

रानजाई ताई, पूर्ण सहमत.

मला जोडशब्दांबद्दल बोलायचंय, म्हणजे रंगाच्या पुढे जे शेपूट लागतं त्याबद्दल. लालभडक, लालबुंद, लालचुटुक, लालगुंज, हे चारही 'खूप लाल' आहेत पण एकाच्या जागी दुसरा टाकून बघा, लगेच खटकतं. चेहरा रागाने लालबुंद होतो, लालचुटुक होत नाही. लालचुटुक ओठ, डाळिंबाचे दाणे, पोपटाची चोच, लहान आणि गोड काहीतरी. लालभडक साडी, लालभडक रंग दिलेली भिंत, म्हणजे डोळ्यावर येणारं. आणि लालगुंज फक्त डोळे, जागरणाने नाहीतर संतापाने, गुंजेच्या बीसारखे.

काळ्याची तर चंगळ आहे. काळाभोर (केस, डोळे, ढग), काळाकुट्ट (अंधार), काळामिट्ट (तोही अंधारच, पण जास्त दाट, काही दिसत नाही असा), काळाकुळकुळीत (तुकतुकीत, तेल लावल्यासारखा, घोडा नाहीतर म्हशीचं रेडकू), काळाकभिन्न (धिप्पाड माणूस किंवा कातळ), काळाठिक्कर. हा शेवटचा बहुतेक 'पडतो', म्हणजे करपून किंवा विषाने काळाठिक्कर पडला. डोळे काळेठिक्कर आहेत असं कुणी प्रेमाने म्हणणार नाही.

हिरव्यात हिरवागार शेत, हिरवीगर्द झाडी, हिरवाकंच चुडा. पिवळ्यात पिवळाधमक आणि पिवळाजर्द. निळ्याला एकटं निळाशार, ते पाण्याला आणि आभाळाला. पांढऱ्यात शुभ्र आणि फटक, आणि या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. कपडा पांढराशुभ्र असतो, चेहरा पांढराफटक पडतो. रंग तोच, पण एक वाण्याकडून नवं धोतर आणल्यावर म्हणायचा आणि दुसरा दवाखान्यात.

आणखी एक, लिहिताना हे शब्द जोडूनच लिहायचे आणि रूप बदलताना पहिला भाग बदलायचा: काळाकुट्ट, काळीकुट्ट, काळंकुट्ट. लाल मात्र बदलत नाही, लालभडक फूल, लालभडक साडी, लालभडक सदरा, सगळीकडे तेच.

---

कडुनिंब:

पिवळाजर्दमध्ये एक मजा आहे. 'जर्द' हा फारसी शब्द, त्याचाच अर्थ पिवळा. जर्दा आणि जर्दाळू त्यातूनच आले, जर्दाळू म्हणजे पिवळा आलू, आलू म्हणजे तिकडचं एक फळ. म्हणजे पिवळाजर्द म्हणजे पिवळा-पिवळा! पांढराशुभ्र पण तसाच, शुभ्रमध्ये पांढरा आहेच.

पण ही चूक समजू नका. एका अर्थाचे दोन शब्द दोन भाषांतून घेऊन शेजारी बसवायचे आणि अर्थ पक्का करायचा ही मराठीची जुनी सवय आहे. कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट, सगळे याच घडणीचे. फक्त पुढे 'जर्द'चा मूळ अर्थ लोकांच्या लक्षात राहिला नाही आणि त्याचा अर्थ 'गडद, पक्का' असा झाला, म्हणून तर काही जण 'लालजर्द' पण लिहितात.

'लाल' हाही फारसीकडून आलेला, माणिक या अर्थाचा. आपला जुना शब्द तांबडा, तांब्यावरून. आणि म्हणूनच बघा, जिथे मातीचा, घरचा वास आहे तिथे अजून तांबडाच टिकलाय. तांबडं फुटतं (लाल फुटत नाही), कुस्ती तांबड्या मातीत होते, कोल्हापूरला तांबडा-पांढरा रस्सा, भाजीत तांबडा भोपळा. आणि जिथे सरकार, यंत्र, शहर आलं तिथे लाल: लाल दिवा, लालफीत, लाल शेरा, लालबावटा.

---

आकाशकंदील:

लाल दिव्यावरून आठवलं. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून बंद झाले, पण 'या वेळी आमच्या तालुक्याला लाल दिवा मिळणार का' हे वाक्य प्रत्येक मंत्रिमंडळ विस्ताराच्या वेळी ऐकू येतंच. दिवा गेला, शब्द राहिला. हिरवा कंदील पण तसाच. रेल्वेचे गार्ड हातात कंदील धरून गाडी सोडायचे तेव्हाचा शब्द, आता सिग्नलला कंदील कुठे दिसतो? तरी प्रकल्पाला हिरवा कंदीलच मिळतो, हिरवा सिग्नल म्हटलं तर बोलण्यात ठीक पण मथळ्यात कुणी लिहीत नाही.

आणि एसटी! आधी लोक वैतागून 'लाल डबा' म्हणायचे, आता तीच गाडी 'लालपरी'. गाडी तीच, रस्ते तेच, पण खेड्यातल्या पोरींना शाळा-कॉलेजला पोचवणारी दुसरी गाडीच नाही हे लोकांना ठाऊक आहे, त्यामुळे हे नाव जाहिरातीसारखं वाटत नाही, लोक खरंच आपुलकीने म्हणतात.

रेशनकार्डाचे रंग पण घ्या यादीत. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळं, केशरी, पांढरं अशी तीन कार्डं आहेत. गावात कुणाची परिस्थिती कशी आहे हे विचारायचं नसतं, 'कार्ड कोणतं, पिवळं का केशरी' एवढंच विचारतात आणि सगळं कळतं.

---

बोरूबहाद्दर:

सगळ्यांचे आभार, धागा छान चाललाय.

आकाशकंदील, सरकारी शब्दांचं तुम्ही काढलंत त्यावरून एक जाणवलं. शब्द वरून आला असेल तर रंग संस्कृतात जातो. श्वेतपत्रिका, हरितक्रांती, धवलक्रांती, पीतपत्रकारिता. 'पांढरी पत्रिका' कुणी म्हणणार नाही. आणि लोकांनी स्वतः घडवलं की पांढरं सोनं, हिरवा चुडा, पिवळी पुस्तकं. म्हणजे शब्दातला रंग कोणत्या रूपात आहे यावरून तो मंत्रालयातून आला की बाजारातून, हे बऱ्याचदा ओळखता येतं. काळाबाजार आणि लालफीत मात्र सरकारी असून साध्या रंगाचे राहिले, कारण बहुतेक ते आधी पेपरवाल्यांच्या हातात पडले.

---

सुतारपक्षी:

मूळ मुद्द्याशी थोडा असहमत. काळ्याला वाईट अर्थ फक्त इंग्रजीतून आला असं नाही म्हणता येणार. 'तोंड काळं करणं' पूर्ण देशी आहे. 'मनात काळंबेरं' देशी आहे. 'काळतोंड्या' ही शिवी देशी आहे. 'काळं कुत्रं विचारत नाही' हे तर अस्सल मराठी.

पण तुमचा दुसरा मुद्दा, की रंग कुठे लागलाय त्यावर ठरतं, तो यातूनच पक्का होतो. 'तोंड काळं करणं' याचेच दोन अर्थ आहेत. 'इथून तोंड काळं कर' म्हणजे चालता हो, पुन्हा दिसू नकोस. 'कुठे तोंड काळं करून आला' म्हणजे लाज वाटेल असं काही करून आला. आणि 'तोंडाला काळं फासणं' तिसरंच, ते दुसऱ्याने करायचं, आणि आपल्याकडे आंदोलनात ते खरोखर शाई घेऊन करतात. तोंडाला काळं वाईट, कारण तोंड म्हणजे अब्रू. डोळ्याला तेच काळं काजळ होऊन बसतं आणि शोभतं.

शिवाय 'काळ' आणि 'काळा' यांची गल्लत होते ती वेगळीच. काळरात्र, काळझोप, यात रंग किती आणि मृत्यूचा काळ किती? मला वाटतं ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही एकदम येतात. 'काळं पाणी' पण तसंच. शब्द समुद्राच्या पाण्याचा, समुद्र ओलांडला की धर्म बुडतो या समजुतीचा, पण अंदमानचं सेल्युलर जेल १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालं आणि त्यानंतर काळ्या पाण्याची शिक्षा म्हटलं की समुद्र बाजूलाच राहिला, लोकांना ती कोठडी आणि तो कोलू, म्हणजे कैद्यांना ओढायला लावायचे तो तेलाचा घाणा, दिसायला लागला.

---

रानजाई:

सुतारपक्षी, पटलं. अजून एक मुद्दा, सावळा. काळ्याला जे प्रेमाने म्हणायचं ते सावळं. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे आपल्या दैवताचं नाव पांडुरंग, 'पांडुर' म्हणजे पांढरट, फिकट. आणि वारकरी हाक कशी मारतो, तर सावळ्या विठ्ठला! नाव पांढऱ्याचं आणि रूप सावळं, आणि शेकडो वर्षांत कुणाला यात विसंगती वाटली नाही. नाशिकला काळाराम आणि गोराराम अशी दोन्ही मंदिरं आहेत, आणि इतिहासात जास्त मोठं नाव झालं ते काळारामाचं, १९३० च्या सत्याग्रहामुळे.

लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' मागणाऱ्या समाजाने देव मात्र सावळा पसंत केलाय. याचं मला खरंच बरं वाटतं, आणि सावळ्या मुलीला 'रंगाने जरा कमी आहे' म्हणणाऱ्यांना मी हे दर वेळी ऐकवते. 'रंगाने कमी' हा पण एक वाक्प्रचारच झालाय बघा, आणि तो मात्र बंद व्हायलाच हवा.

---

कापूसकोंडा:

विदर्भातून हजेरी. तुम्ही लोकं पुस्तकातले शब्द घेऊन बसले, शेतात या एकदा, तिथे तर सगळा कारभारच रंगावर चालतो.

कापूस म्हणजे पांढरं सोनं, तेंदूपत्ता नाही तर बांबू म्हणजे हिरवं सोनं. आता रोग बघा. कपाशीवर 'लाल्या' येते, पानं लाल पडत जातात, मॅग्नेशियम कमी पडलं, नत्र कमी पडलं, रात्रीची थंडी वाढली की होते. गव्हावर 'तांबेरा', पानावर बोट फिरवलं तर तांब्याच्या रंगाची भुकटी बोटाला लागते, त्यावरूनच नाव. द्राक्षावर 'भुरी', वरून राख भुरभुरल्यासारखी पांढुरकी बुरशी. सोयाबीनला 'पिवळा मोझॅक', आणि तो पसरवणारी कोण तर 'पांढरी माशी'. पांढरी माशी पिवळा मोझॅक आणते हे आमच्याकडचं लहान पोरगंही सांगते. आणि 'गुलाबी बोंडअळी' तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाली.

शहरात गुलाबी म्हटलं की गुलाबी थंडी, गुलाबी स्वप्नं. आमच्याकडे गुलाबी म्हटलं की पोटात गोळा येते. बोंड वरून चांगलं दिसते, फोडलं की आत सरकी खाल्लेली अन् कापसाला डाग. बोरूबहाद्दर भाऊ म्हणतात ना, रंग कुठे लागला त्यावर आहे, ते शंभर टक्के खरं.

---

पाटीपेन्सिल:

कापूसकोंडा भाऊ, जबरदस्त प्रतिसाद. लाल्या, तांबेरा, भुरी, हे शब्द इतके नेमके आहेत की रोग न बघितलेल्या माणसालाही कसा दिसत असेल ते कळतं. 'भुरी'वरून भुरा, भुरका हे रंग पण आठवले, हल्ली बोलण्यातून जातच चालले आहेत.

फिकट छटांचे शब्द कुणी लिहिले नाहीत म्हणून टाकते. पिवळसर आणि पिवळट. दोन्ही थोडं पिवळं, पण '-सर' लावलं की नुसतं वर्णन आणि '-ट' लावलं की नाक मुरडलेलं. पिवळसर प्रकाश, पिवळट दात. काळसर छटा, काळपट डाग. हिरवट तर रंगातून बाहेरच पडला, 'हिरवट म्हातारा' म्हणजे काय ते सगळ्यांना माहिती आहे, आणि बाई बसमध्ये शेजारच्या बाईला हळूच 'हिरवट आहे, इकडे सरक' म्हणते तेव्हा त्या एका शब्दात पूर्ण इशारा असतो.

एक प्रश्न: 'करडी नजर', 'करडी शिस्त' यातला करडा म्हणजे राखाडी रंग का? आणि 'चेहरा गोरामोरा होणं' यात गोरा कुठून आला?

---

कडुनिंब:

करडी नजर यात रंग धरू नका. करडा याचा कडक, कठोर असाही अर्थ आहे, आणि नजर, शिस्त, आवाज यांना तोच लागतो. रंगाचा करडा कपड्याला, मांजराला, कबुतराला. दोन्ही शब्द दिसायला सारखे म्हणून शेजारी येतात एवढंच. 'गोरज मुहूर्त' पण असाच फसवा, त्यात गोरा नाही, गो आणि रज, गाईंच्या पायांची धूळ उडते ती संध्याकाळची वेळ.

गोरामोरा मात्र रंगाचाच. ओशाळल्यावर, पकडले गेल्यावर चेहऱ्यावरचं रक्त उतरतं, चेहरा फिका पडतो, म्हणून गोरा, आणि 'मोरा' हा नुसता नादासाठी मागे लागलेला. सावळ्या माणसाचा चेहराही गोरामोरा होतो, तिथे कातडीच्या रंगाचा संबंध नाही. भीतीला पांढराफटक, लाजेला लाल, ओशाळेपणाला गोरामोरा, रागाला लालबुंद नाहीतर काळानिळा. चेहऱ्यासाठी इतके वेगवेगळे रंग आपल्याकडे आहेत की कथा लिहिणाऱ्याने 'त्याला वाईट वाटले' असं लिहायची गरजच पडू नये.

---

तानपुरा:

मी संगीतातला एक वापर सांगतो, तो अजून कुणी लिहिला नाही. पेटीच्या पट्ट्यांवरून आपल्याकडे स्वर सांगतात, 'मी काळी एकमध्ये गातो', 'तिची पट्टी काळी चार आहे'. पांढऱ्या पट्ट्या सात आणि काळ्या पाच, पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्यांचा सी, तिच्या शेजारची काळी एक. पुरुष गायक बरेचदा काळी एक-काळी दोनच्या आसपास, बायका काळी चार-पांढरी पाचच्या. गाण्याच्या क्लासला नवीन मुलगी आली की बाई पहिला प्रश्न 'तुझी पट्टी कुठली' हा विचारतात आणि मुलगी बिनधास्त 'काळी पाच' म्हणून मोकळी होते.

इथे काळी-पांढरीत उच्च-नीच काहीच नाही. उलट काळ्या पट्टीत वाजवायला साथीदाराची बोटं चांगली तयार असावी लागतात, त्यामुळे 'सगळ्या पट्ट्यांत वाजवतो' हे पेटीवाल्याचं मोठं कौतुक समजलं जातं.

---

आकाशकंदील:

तानपुरा, हे मस्तच.

माझी शेवटची भर, 'रंगेहाथ'. लाच घेताना रंगेहाथ पकडलं असं रोज बातमीत येतं. शब्द तसा मोघम आहे, कोणताच रंग सांगत नाही, पण लाचलुचपतच्या सापळ्यात तो खरोखर रंगाने होतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तक्रारदाराजवळच्या नोटांना आधी फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पावडर लावलेली असते, ती डोळ्यांना कळतही नाही. पैसे घेतले की पंचांसमोर त्या माणसाची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, आणि नोटांना हात लागलेला असेल तर पाणी गुलाबी होतं. ते पाणी बाटलीत भरून सील करतात आणि पुरावा म्हणून ठेवतात.

---

बोरूबहाद्दर:

कापूसकोंडा यांच्या पिकांच्या रोगांसाठी आणि तानपुरा यांच्या पट्ट्यांसाठी वेगळे गट करून या धाग्यातून मी जमवतोय त्या यादीत टाकतोय. सुतारपक्षी यांचं म्हणणं मान्य, तोंड काळं करणं आणि काळंबेरं हे देशी गटात गेले. रानजाई ताईंच्या सांगण्याप्रमाणे पांढऱ्या पायाची, पांढरं कपाळ, रंगाने कमी हे तीन 'आता वापरू नयेत' असा शेरा देऊन ठेवतो.

निळ्याचं पान मात्र अगदीच रिकामं दिसतंय. निळाशार, मार खाऊन अंग काळंनिळं पडणं, कपड्यांना घालायची नीळ, आणि निळा झेंडा, एवढंच जमलंय. जांभळ्याला तर एकही वाक्प्रचार मिळाला नाही. कोकण आणि खानदेशातल्या कुणाकडे बोलीतले असतील तर टाका, अहिराणी आणि मालवणीतले पण चालतील, फक्त कुठे आणि कोणाबद्दल म्हणतात ते सोबत लिहा.